प्रतिमानाची नामे आणि अंदाजपत्रकाची क्रियापदे

इमारतीच्या खर्चाचा अंदाज हा स्थापत्यशास्त्राचा विषय होय. त्यात भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका शिक्षणसंस्थेच्या इमारत-समितीचा सदस्य होता. ग्रंथालयाची दुमजली इमारत बांधावयाची होती. वास्तुशिल्पज्ञांनी संगणकावर तिचे त्रिमितीय प्रतिमान, म्हणजे व्यवहारात ज्यास मॉडेल म्हणतात ते, तयार केले आणि समितीपुढे पडद्यावर सर्व बाजूंनी फिरवून दाखविले. विटकाम किती, काँक्रीट किती, गिलावा किती, याचे आकडे त्याच प्रतिमानातून काढण्यात आले. दशांशचिन्हापुढे तीन-तीन अंक होते. त्या आकड्यांस दरसूचीतील दरांनी गुणून अंदाजपत्रक सिद्ध झाले व समितीने ते एकमताने मंजूर केले.

काम सुरू झाल्यावर पायात मुरमाखाली काळा खडक लागला. काँक्रीटचा जो दर धरला होता तो सेंट्रिंगविरहित होता, आणि सेंट्रिंगची स्वतंत्र बाब अंदाजपत्रकात नव्हतीच. गिलाव्याचे देयक अंदाजापेक्षा बरेच अधिक आले. अखेर पैसा पुरेना, तेव्हा ज्या बाबी गाळाव्या लागल्या त्यांत चाकाच्या खुर्चीसाठी योजिलेला उतारमार्ग होता. ज्या विद्यार्थ्यांस तो हवा होता त्यांना पुढील दोन वर्षे दारापाशी थांबून दुसऱ्याकडून ग्रंथ मागवावे लागले.

ह्या प्रकरणात कोणी लबाडी केली नव्हती. प्रतिमान चुकीचे नव्हते आणि दरही खोटे नव्हते. चूक झाली होती ती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना. ती कशी होते आणि कशी टाळता येते, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रतिमान म्हणजे काय?

रेखाचित्र आणि प्रतिमान यांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. कागदावरील नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. ती भिंत आहे हे वाचणारा जाणतो. कागद जाणत नाही. तीच भिंत आराखड्यात एकदा, छेदचित्रात दुसऱ्यांदा आणि दर्शनी चित्रात तिसऱ्यांदा काढावी लागते. एका ठिकाणी बदल केला आणि दुसरीकडे राहून गेला की नकाशे परस्परांशी भांडू लागतात. अमेरिकेतील कार्नेगी-मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन यांनी ह्या अडचणीवर विचार करून १९७५ मध्ये अशी कल्पना मांडली की, संगणकात इमारतीचे एकच वर्णन साठवावे आणि सर्व चित्रे त्या वर्णनातून काढावीत. त्याच वर्णनातून सामग्रीचे परिमाण व खर्चाचा हिशेब काढणे सुलभ होईल, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले होते. पुढे हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट ह्या संस्थेचे आर्किकॅड, नंतर २००० मध्ये निघालेले रेव्हिट, अशा साधनांनी ही कल्पना सामान्य कार्यालयापर्यंत पोहोचविली. आज ती 'बिम' ह्या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते.

अशा प्रतिमानातील भिंत ही रेषांची जोडी नसून एक वस्तू असते. तिला प्रकार असतो, लांबी-उंची-जाडी असते, द्रव्य असते, आणि तिच्यात कोणती दारे-खिडक्या बसल्या आहेत याची नोंद असते. निरनिराळ्या संगणक-प्रणालींत ह्या वस्तूंची देवाणघेवाण व्हावी म्हणून 'आयएफसी' नावाची एक सामायिक रचना सिद्ध झाली व २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा पूर्ण दर्जा मिळाला. तीत भिंत, तुळई, खांब, दार, जिना अशा वर्गांची नामावली व त्यांचे परस्परसंबंध निश्चित केले आहेत. भिंतीपुरते बोलावयाचे तर तिचे स्थूल घनफळ आणि निव्वळ घनफळ, स्थूल क्षेत्रफळ आणि निव्वळ क्षेत्रफळ अशी परिमाणे वेगवेगळी नोंदविण्याची सोय त्या रचनेत आहे. ही सोय किती महत्त्वाची आहे हे पुढे दिसेल.

अंदाजपत्रकाचे मूळ सूत्र साधे आहे. प्रत्येक बाबीचे परिमाण गुणिले त्या बाबीचा दर, आणि अशा सर्व गुणाकारांची बेरीज. प्रतिमान ह्या सूत्रातील केवळ पहिल्या घटकास, म्हणजे परिमाणास, हात घालते. दर कोठून यावयाचा, सिमेंट-पोलादाचा भाव सहा महिन्यांनी काय असेल, गवंडी दिवसाला किती काम उरकील, हे त्याला ठाऊक नसते. तथापि परिमाणे काढण्यात अंदाजकाराचा फार वेळ जातो, आणि तो वाचला तर दरांचा विचार करण्यास त्याला उसंत मिळते. प्रतिमानाचा हा लाभ थोडा नव्हे.

२. नामे आणि क्रियापदे

आता कोणतीही दरसूची उघडून पाहावी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची असो की राज्याची असो, तीतील बाबींची वर्णने एका ठराविक साच्याची असतात : पुरविणे व बसविणे, पुरविणे व घालणे, खोदणे व अमुक अंतरापर्यंत वाहून टाकणे. म्हणजे प्रत्येक बाबीच्या गाभ्याशी एक क्रियापद असते. त्याला कर्म असते, साधन असते, स्थान असते. 'जोत्यापर्यंत' आणि 'जोत्याच्या वर पाचव्या मजल्याच्या पातळीपर्यंत' ही स्थानदर्शक पदे बदलली की काँक्रीट तेच राहूनही दर बदलतो, कारण ते वर चढविण्याचे श्रम बदलतात. अंदाजपत्रक हे वस्तूंची यादी नसून कृत्यांची यादी होय.

प्रतिमानात मात्र केवळ नामे असतात. खांब आहे, तुळई आहे, स्लॅब आहे. हे खांब उभे करण्यासाठी जी सेंट्रिंग बांधली आणि सोडली, जी परांची उभारली, पायात भरलेले पाणी जे उपसून काढले, त्यांपैकी पूर्ण झालेल्या इमारतीत काहीच उरत नाही. म्हणून पूर्ण झालेल्या इमारतीच्या प्रतिमानातही त्यांचा मागमूस नसतो. पायाचा खड्डा हे तर अभावाचे उदाहरण होय. प्रतिमानात फूटिंग असते. त्याच्यासाठी काढलेली माती नसते. तिच्यात मऊ मुरूम किती, कठीण मुरूम किती, खडक किती, हे तर मुळीच नसते. आणि दख्खनच्या पठारावर खोदाईचा दर नेमका ह्या भेदांवर ठरतो. आमच्या ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकातून सेंट्रिंग गळाली आणि खडक हिशेबात आला नाही, त्याचे कारण हेच. ज्या कृत्याला प्रतिमानात नाम नव्हते ते अंदाजपत्रकात आलेच नाही.

ह्यावर उपाय नाही असे नव्हे. अनेक कृत्यांची परिमाणे नामांपासून साधित करता येतात. तुळईची खालची व दोन बाजूंची पृष्ठे घेतली की तिच्या सेंट्रिंगचे क्षेत्रफळ मिळते. फूटिंगच्या लांबी-रुंदीत काम करण्यास लागणारी जागा मिळवून खोलीने गुणले की खोदाईचे घनफळ मिळते. जमिनीच्या थरांसाठी चाचणी-छिद्रांच्या नोंदी घ्याव्या लागतात. व्याकरणात धातूपासून नामे साधतात. येथे उलट दिशेने, नामापासून क्रिया साधावयाची असते. मात्र हे साधन कोणी तरी जाणूनबुजून केले पाहिजे. ते आपोआप होत नाही.

३. उत्सर्ग आणि अपवाद

दुसरी अडचण मोजमापाच्या नियमांची. भारतीय मानक क्रमांक १२०० हे बांधकाम कसे मोजावे याचे प्रमाण होय. इंग्लंडमध्ये अशी प्रमाण-पद्धती १९२२ पासून आहे. तिच्या सातव्या आवृत्तीची (१९८८) जागा २०१३ पासून नव्या नियमावलीने घेतली. अशा नियमावल्या ज्यांनी वाचल्या असतील त्यांना पाणिनीय पद्धतीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आधी सामान्य नियम, म्हणजे उत्सर्ग. मग त्याला बाधित करणारे अपवाद.

गिलाव्याचा उत्सर्ग असा की, गिलावा केलेले क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मोजावे व उघड्या जागा वजा कराव्यात. अपवाद असे : अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करू नये आणि तिच्या कडांचा गिलावाही मोजू नये. अर्ध्या चौरस मीटरहून मोठी पण तीन चौरस मीटरपर्यंतची जागा असेल व दोन्ही बाजूंस एकच गिलावा असेल, तर वजावट एकाच बाजूची करावी. दुसऱ्या बाजूची न केलेली वजावट हीच कडांच्या गिलाव्याची भरपाई समजावी. तीन चौरस मीटरहून मोठी जागा असेल तर दोन्ही बाजूंची वजावट करावी आणि कडा स्वतंत्र मोजाव्यात.

एक उदाहरण घेऊ. ६ मीटर लांब, ३ मीटर उंच व २० सेंटिमीटर जाडीची भिंत आहे. दोन्ही बाजूंस एकच गिलावा आहे. तीत १ मीटर रुंद व २.१ मीटर उंच दार, १.८ मीटर लांबी-रुंदीची चौरस खिडकी आणि ०.६ मीटरचा चौरस झरोका आहे. त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे २.१०, ३.२४ व ०.३६ चौरस मीटर.

प्रतिमान सर्व उघड्या जागा दोन्ही बाजूंनी वजा करते. दोन बाजूंचे स्थूल क्षेत्रफळ ३६, वजावट ५.७० ची दुप्पट, म्हणजे ११.४०, निव्वळ क्षेत्रफळ २४.६० चौरस मीटर.

मानकाप्रमाणे मोजले तर दाराची वजावट एका बाजूची २.१०, खिडकीची दोन्ही बाजूंची ६.४८; झरोक्याची शून्य. चौकटीची जाडी सोडून दिली तर खिडकीच्या चारही कडांची लांबी ७.२ मीटर, तिला ०.२ ने गुणून १.४४ मिळवावयाचे. म्हणजे ३६ उणे २.१० उणे ६.४८ अधिक १.४४, बरोबर २८.८६ चौरस मीटर.

दोहोंतील अंतर ४.२६ चौरस मीटर, प्रतिमानाच्या आकड्याच्या सुमारे १७ टक्के. ह्यांत चूक कोणाची? कोणाचीच नव्हे. 'भिंतीचे क्षेत्रफळ' ह्या एकाच शब्दप्रयोगाचे हे दोन अर्थ आहेत. प्रतिमानाचा अर्थ भूमितीचा आहे. मानकाचा अर्थ व्यवहाराचा आहे. लहानशा झरोक्यासाठी गवंड्याला हात आखडावा लागतो, कडा साधाव्या लागतात. त्या श्रमाची भरपाई वजावट न करण्यात आहे. दर ठरतो तो ही पद्धत गृहीत धरून. म्हणून व्यवहारातील दराला भूमितीच्या परिमाणाने गुणणे म्हणजे एका भाषेतील प्रत्यय दुसऱ्या भाषेतील शब्दाला लावणे होय.

विटकामातही असेच आहे. ०.१ चौरस मीटरपर्यंतचे भोक किंवा तेवढ्याच छेदाचे तुळईचे टोक वजा करू नये असा नियम आहे. प्रतिमान ते निमूटपणे वजा करते. येथे आयएफसी-रचनेतील स्थूल व निव्वळ ह्या भेदाचा उपयोग होतो. प्रतिमानातून निव्वळ आकडा न घेता स्थूल क्षेत्रफळ व प्रत्येक उघड्या जागेचे माप अशी यादी घ्यावी आणि अपवादाचे नियम त्या यादीवर चालवावेत. संगणकाला हे नियम एकदा सांगितले की तो ते सर्व भिंतींना न कंटाळता लावतो. माणूस चाळिसाव्या खिडकीला थकतो.

४. नावाचा घोटाळा

तिसरी अडचण समनामांची व पर्यायी नामांची. प्रतिमान करणारा मनुष्य आपल्या सोयीने साधन निवडतो. गच्चीचा कठडा काढावयाचा तर 'भिंत' हे साधन जवळ असते. काँक्रीटचा कठडाही मग भिंतीच्या वर्गात जाऊन विटकामात मोजला जातो. उतारमार्ग 'स्लॅब' म्हणून काढला तर तो मजल्याच्या स्लॅबमध्ये मिसळून जातो, आणि यादीत तो शोधू गेल्यास सापडत नाही.

एकमेकांत घुसलेल्या वस्तूंचाही येथेच विचार केला पाहिजे. ६० सेंटिमीटर खोलीच्या तुळईवर १२ सेंटिमीटर जाडीची स्लॅब आहे. तुळईची खोली स्लॅबच्या वरच्या पृष्ठापासून मोजण्याचा प्रघात आहे. प्रतिमानात स्लॅब आणि पूर्ण खोलीची तुळई ही परस्परांत घुसलेली ठेवली आणि छेद दिला नाही, तर तुळईच्या काँक्रीटचा एक पंचमांश भाग दोनदा मोजला जातो. पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही.

बोलभाषेत असे घोटाळे संदर्भाने सुटतात. महाराष्ट्रातील 'ब्रास' हा शब्द पाहा. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर, फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, सुमारे ९.२९ चौरस मीटर. एकाच शब्दाला घनफळ व क्षेत्रफळ असे दोन अर्थ असूनही कंत्राटदार आणि वाळूवाला यांच्यात कधी गैरसमज होत नाही. संगणकाला असा संदर्भ नसतो. म्हणून प्रतिमानातील प्रत्येक वस्तूला दरसूचीतील बाबीचा क्रमांक किंवा सर्वमान्य वर्गीकरणातील संकेतांक जोडणे अगत्याचे ठरते. हा संकेतांक म्हणजे दोन भाषांमधला द्विभाषी कोश होय, आणि कोश आधी तयार असावा लागतो. प्रतिमान पुरे झाल्यावर तो करावयास बसणे म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर लेखननियम ठरविणे.

५. प्रतिमानाला विध्यर्थ नाही

चौथी अडचण सूक्ष्म आहे, पण माझ्या मते ती सर्वांत घातक आहे. मराठी क्रियापदाला अर्थ असतात. 'भिंत आहे' हा स्वार्थ. 'भिंत असावी' हा विध्यर्थ. 'पैसा असता तर भिंत बांधली असती' हा संकेतार्थ. जुन्या वास्तुशिल्पज्ञाची पेन्सिलीची पुसट रेघ पाहूनच कळत असे की, ही अजून विध्यर्थी भिंत आहे. प्रतिमानात पुसट रेघ नसते. पहिल्या दिवशी सहज म्हणून ओढलेली भिंतही २०० मिलिमीटर जाड, ठाम आणि रंगीत दिसते. त्यातून आलेला आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत येतो, आणि समितीतील सद्‌गृहस्थ त्याला निश्चित समजतात. आम्हीही तसेच समजलो.

ही उणीव ओळखून अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने २००८ मध्ये विकासाच्या पाच पायऱ्या ठरविल्या : १०० म्हणजे केवळ कल्पना, आणि तेथून वाढत जाऊन ५०० म्हणजे प्रत्यक्ष बांधून झालेल्या वस्तूची पडताळलेली नोंद. प्रत्येक वस्तूला तिची पायरी जोडली की अंदाजकार तिच्या आकड्यावर किती भार टाकावयाचा ते ठरवू शकतो. १०० च्या पायरीवरील खांबासाठी संभाव्य वाढीची तरतूद मोठी ठेवावी लागेल. ४०० च्या पायरीवरील खांबासाठी ती थोडी पुरेल. थोडक्यात, ह्या पायऱ्या म्हणजे प्रतिमानाला दिलेले क्रियापदाचे अर्थ होत.

६. लाभ कोठे आणि मर्यादा कोठे

इतक्या अडचणी सांगितल्यावर प्रतिमानाचा नाद सोडावा असा निष्कर्ष कोणी काढू नये. काँक्रीटचे घनफळ, दारे-खिडक्यांची संख्या, फरशीचे क्षेत्रफळ ह्या बाबतींत ते हाताच्या मोजणीपेक्षा जलद व निर्दोष ठरते. मजल्याची उंची १५ सेंटिमीटरने वाढविली तर विटकाम, गिलावा, रंग व जिन्याच्या पायऱ्या यांवर काय परिणाम होईल, हे हाताने काढण्यास दिवस लागत. प्रतिमानात ते लगेच समजते, म्हणून दोन पर्यायांची तुलना निर्णयाच्या आधी करता येते. नागपूर मेट्रोच्या उभारणीत तीन मितींस काल आणि खर्च ह्या आणखी दोन मिती जोडलेली अशी पद्धती महामेट्रोने वापरली.

परंतु एक मर्यादा तंत्राच्या पलीकडची आहे. बेंट फ्लिव्हबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २५८ वाहतूक-प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहांपैकी नऊ प्रकल्पांत खर्च कमी अंदाजिला गेला होता. रेल्वेच्या कामांत प्रत्यक्ष खर्च सरासरीने सुमारे ४५ टक्क्यांनी व रस्त्यांच्या कामांत सुमारे २० टक्क्यांनी वाढला. चुका केवळ अज्ञानामुळे होत असत्या तर त्या दोन्ही बाजूंस सारख्या विखुरल्या असत्या. त्या एकाच बाजूस झुकतात, यावरून मंजुरी मिळविण्यासाठी आकडे मुद्दाम लहान केले जातात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अशा ठिकाणी प्रतिमान उपयोगी पडत नाही. उलट अप्रामाणिक आकड्याला ते रूपवान वेष चढवील.

७. उपसंहार

सारांश, त्रिमितीय प्रतिमानापासून अंदाजपत्रक करावयाचे तर पुढील क्रम पाळावा. प्रतिमान करण्यापूर्वीच अंदाजकाराने प्रतिमानकाराबरोबर बसून वस्तूंची नावे व संकेतांक निश्चित करावेत. परिमाणे स्थूल स्वरूपात व उघड्या जागांच्या यादीसह घ्यावीत आणि वजावटीचे नियम त्यांवर चालवावेत. सेंट्रिंग, खोदाई यांसारखी कृत्ये वस्तूंपासून साधावीत; जी साधत नाहीत त्यांची स्वतंत्र यादी करून ती प्रतिमानाशेजारी ठेवावी. प्रत्येक आकड्यापुढे त्याची पायरी लिहावी. आणि अखेरीस एखादी खोली निवडून ती जुन्या रीतीने, हाताने मोजून पाहावी. एका खोलीत फरक निघाला तर तो सर्व इमारतीत आहे असे समजावे.

त्या ग्रंथालयाचा उतारमार्ग पुढे दोन वर्षांनी, निराळ्या निधीतून झाला. त्याचे परिमाण काढण्यासाठी समितीने प्रथम दरसूची उघडली, कोणकोणती कृत्ये करावी लागतील ती क्रमाने लिहून काढली आणि मगच प्रतिमानाकडे वळली. माती खोदणे, मुरूम भरून दाबणे, काँक्रीट घालणे, पृष्ठ खरबरीत करणे, दोन्ही बाजूंस कठडा बसविणे : पाचच ओळी होत्या. त्यांतील दोहोंना प्रतिमानात नाम नव्हते. ह्या वेळी त्या दोन्ही ओळी अंदाजपत्रकात होत्या, आणि पैसा पुरला.